हजेरीपटावरील खेळाडू

व्यावसायिक बास्केटबॉलपटू असे शब्द कानी पडले, की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते बहुतांशी अमेरिकेचे असते: दिव्यांच्या लखलखाटात न्हालेले लाकडी क्रीडांगण, सात फुटांच्या आसपास उंचीचे खेळाडू, कोट्यवधींचे करार, आणि ज्यांच्या नावाच्या बुटांसाठी दुकानांपुढे रांगा लागतात असे कीर्तिमंत पुरुष. परंतु आपल्या देशात हा चेंडू हाती धरून ज्या स्त्रीपुरुषांनी आपला चरितार्थ चालविला आणि संसार उभे केले, त्यांची कारकीर्द पाहावयाची तर पाऊल वळवावे लागते ते रेल्वेच्या विभागीय कचेरीकडे, पोलीस दलाच्या मुख्यालयाकडे, लष्कराच्या छावणीकडे किंवा एखाद्या सरकारी तेल महामंडळाच्या दफ्तराकडे. तेथील हजेरीपटावर कारकून, तिकीट तपासनीस, शिपाई, हवालदार अशा हुद्द्यांपुढे त्यांची नावे लिहिलेली असतात. सकाळ-संध्याकाळ ते मैदानावर राबतात, आणि महिनाअखेरीस जो पगार घेतात तो त्या हुद्द्याचा असला, तरी त्यांनी तो मिळविलेला असतो तो खेळाच्या बळावर.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला भीमेच्या काठी दौंड आणि घोडनदीच्या काठी शिरूर असे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. ऊस, कांदा, दूध आणि अलीकडे रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखाने यांवर त्यांचा प्रपंच चालतो. बास्केटबॉलचे माहेरघर म्हणावे असे त्यांत काहीही नाही. येथील मातीत रुजलेले खेळ म्हणजे कुस्ती आणि कबड्डी. जत्रेच्या आखाड्यात मल्लाला मिळणारा मान आणि कबड्डीच्या सामन्यास लोटणारी गर्दी पाहिली, की लोखंडी खांबावर टांगलेल्या एका कड्यासाठी येथे कोण धावेल असा प्रश्न साहजिकच पडतो. तरीही या खेळाच्या भारतीय कारकिर्दीचे मर्म समजून घेण्यास हे दोन तालुके मला विशेष उपयोगी वाटतात, कारण ज्या दोन संस्थांनी हा खेळ आपल्याकडे वाढविला व पोसला, त्यांपैकी एकीने दौंड हे गाव घडविले आहे, तर दुसरीच्या आश्रयदात्यांचे एक जुने ठाणे शिरूरला होते.

दौंडपासून आरंभ करू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग डिसेंबर १८५८मध्ये पुण्याहून पूर्वेस दिकसळपर्यंत खुला झाला, आणि भीमथडीच्या माळावरील या गावाला स्थानकाचे भाग्य लाभले. पुढे १८७८ साली मनमाडकडे जाणारा मार्ग येथून फुटला, १९१४मध्ये बारामतीची अरुंद मापाची गाडी येथून निघू लागली, आणि इंग्रजी दफ्तरात ‘धोंड’ म्हणून नोंदलेले हे ठिकाण जंक्शन झाले. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन येथे एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकास जोडावे लागे. अलीकडे कॉर्ड मार्ग झाल्यापासून कित्येक गाड्यांचा हा खोळंबा टळला आहे, आणि दीर्घकाळ सोलापूर विभागाच्या हद्दीत मोडणारे हे स्थानक आता पुणे विभागाकडे आले आहे. रेल्वेच्या अशा गावात चाळी, बंगले, इस्पितळ आणि मैदान ही सारी रेल्वेच्या तजविजीची अंगे असतात, आणि तेथे वाढलेल्या मुलाला नोकरी व खेळ या दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत असे शिकविणे कठीण जाते.

रेल्वेने खेळाडू पोसण्याची परंपरा जुनी आहे. १९२८ साली इंडियन रेल्वेज अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. आजचे रेल्वे क्रीडा प्रोत्साहन मंडळ ही तिचीच पुढची अवस्था. प्रत्येक क्षेत्रीय रेल्वेचा आपापला संघ, त्यांच्या आपसांतील स्पर्धा, त्यांतून निवडलेला भारतीय रेल्वेचा एकत्रित संघ, आणि तो संघ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत एखाद्या राज्याप्रमाणे स्वतंत्रपणे उतरावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. महिलांच्या बास्केटबॉलमध्ये तर या एकत्रित संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदावर इतकी वर्षे हुकूमत गाजविली, की इतर राज्यांच्या संघांची धडपड पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकासाठीच आहे असे वाटावे. राज्यांनी वाढविलेल्या मुली रेल्वेने नोकरी देऊन आपल्याकडे ओढून घेतल्या, अशी तक्रार क्रीडासंघटनांतून ऐकू येते आणि ती अगदीच निराधार नाही. पण त्या मुलींना राज्याने काय देऊ केले होते, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावयास हवा.

या भरतीची रीत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. वय १८ ते २५ असावे, आणि त्यात कोणालाही सवलत नाही. गुण १००: त्यांपैकी ५० मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीचे, ४० प्रत्यक्ष चाचणीत दिसलेल्या कौशल्याचे, शारीरिक क्षमतेचे आणि प्रशिक्षकांच्या निरीक्षणाचे, व उरलेले १० शिक्षणाचे. चाचणीच्या दिवशी देशभरातून आलेली मुले, छातीवर कागदाचे क्रमांक लावून, प्रमाणपत्रांचे जाडजूड बाड वडिलांच्या वा मोठ्या भावाच्या स्वाधीन करून मैदानाच्या कडेला उभी असतात. फलकापासून ४.६० मीटरांवर आखलेल्या रेषेवरून चेंडू टाकावयाचा. तो कड्यावर आपटून बाहेर आला तर कागदावर पेन्सिलीची एक बारीक खूण होते. ३.०५ मीटर उंचीवरील त्या कड्याचा व्यास चेंडूच्या व्यासाच्या दुपटीहून थोडा कमी असतो, आणि वर्षानुवर्षे हजारो वेळा त्यातून चेंडू पार केलेला हात त्या दिवशी मात्र जड होतो. मग पाच-पाच जणांचे संघ पाडून सामना खेळवितात. एकमेकांस कधीही न पाहिलेले पाच जण, आणि त्यांतल्या प्रत्येकाला स्वतः चमकावयाचे आहे. अशा वेळी जो मोकळ्या सहकाऱ्याला चेंडू देतो त्याला जाणता निवडकर्ता ओळखतो, हे खरे असले तरी ते कळावयास निवडकर्ताही तसाच जाणता असावा लागतो. ४०पैकी किमान २५ गुण मिळाले तरच पुढचा विचार. नेमणुकीचा कागद हाती आला आणि खेळाडू कामावर रुजू झाला, की त्याच्या घरी जो आनंद होतो तो पदकाच्या आनंदाहून अधिक टिकाऊ असतो.

राज्य शासनाच्या सेवेतही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासंबंधीचा शासन निर्णय २००५चा, आणि २०१६मध्ये त्यात सुधारणा झाली. येथे प्रथम प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते: स्पर्धा अधिकृत होती काय, संघटना मान्यताप्राप्त होती काय, खेळाडू खरोखर मैदानात उतरला होता काय, या प्रश्नांची उत्तरे विभागीय उपसंचालकांच्या कचेरीतून लेखी मिळाल्यावाचून त्या कागदाला किंमत नाही. खोट्या प्रमाणपत्रांचा सुळसुळाट झाला म्हणून ही कडक व्यवस्था करावी लागली, आणि तिचा जाच अधिक झाला तो मात्र सच्च्या खेळाडूंना. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, पाचवा आणि सातवा, ठाण मांडून आहेत. त्यामुळे खाकी गणवेश आणि खेळ यांचा संबंध येथील पोरांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींच्या रांगा या दोन्ही तालुक्यांत कोणालाही दिसाव्यात.

आता शिरूरकडे वळू. पुणे-नगर रस्त्यावरील हे गाव, ज्याला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात, पेशवाईच्या अखेरच्या काळात इंग्रजी फौजेचे ठाणे होते. १८०९ साली येथे वारलेल्या कर्नल वॉलेस नामक अधिकाऱ्याच्या थडग्याला भोवतालच्या लोकांनी सत्पुरुषाची समाधी मानून नवस बोलावेत, असा चमत्कारिक इतिहास या गावाच्या गाठीस आहे. फौजेपाठोपाठ अमेरिकन मराठी मिशन आले. १८१३मध्ये मुंबईत पाय ठेवलेले, पुढे अहमदनगर हे आपले प्रमुख केंद्र करणारे, ‘ज्ञानोदय’ चालविणारे आणि नारायण वामन टिळकांसारख्या कवीचे ज्याच्याशी नाते जडले ते हे मिशन. त्याचे एक ठाणे शिरूरला होते, आणि शाळेबरोबर हातच्या उद्योगांचे शिक्षण देण्याची खटपट तेथे झाली. या मिशनची पालकसंस्था बोस्टनची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स प्रांतातली. त्याच प्रांतातल्या स्प्रिंगफील्ड गावी डिसेंबर १८९१मध्ये जेम्स नाइस्मिथ नावाच्या कॅनडात जन्मलेल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हिवाळ्यात कोंडून पडलेल्या १८ विद्यार्थ्यांसाठी, सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून, फुटबॉलच्या चेंडूने खेळावयाचा एक नवा खेळ रचला. हा खेळ यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षकांनी जगभर नेला. हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातून तो आपल्याकडे पसरला, आणि १९३४ साली दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

शिरूरला ज्या मिशनचे ठाणे होते, त्याच मिशनने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या नागपाड्यात, गिरणीकामगार, गोदीवाले आणि फेरीवाले यांच्या दाट वस्तीत, नागपाडा नेबरहुड हाउस ही संस्था क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या देखरेखीखाली उभी केली. टाटांच्या नावे आज विख्यात असलेली समाजविज्ञान संस्था १९३६ साली जन्मली ती याच वास्तूत. समाजकार्याच्या इतिहासात या वास्तूला जे स्थान आहे ते योग्यच आहे. परंतु मला तिच्या अंगणातील बास्केटबॉलच्या मैदानाचे महत्त्व त्याहून तसूभरही कमी वाटत नाही. त्या मैदानावर आणि आसपासच्या गल्ल्यांतून घडलेल्या मुलांनी पुढची कित्येक वर्षे मुंबईच्या व महाराष्ट्राच्या संघांना खेळाडू पुरविले. त्यांचा शिरोमणी म्हणजे अब्बास मुंतसिर. भारताचे कर्णधारपद त्यांनी भूषविले, आणि १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. नागपाड्याच्या त्या वस्तीत मुलांना खेळावयास दुसरी जागा नव्हती, आणि जी होती तिच्यात दोन खांब रोवलेले होते. प्रतिभेला पोषक परिस्थिती म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. मोकळी जागा, दोन खांब आणि संध्याकाळी न चुकता येणारा एक जाणता माणूस एवढ्यावर तेथे एक परंपरा उभी राहिली, ही गोष्ट कोणत्याही तालुक्याने ध्यानी घ्यावी.

अब्बास मुंतसिर यांच्या पिढीला व्यावसायिक कारकीर्द हा शब्दप्रयोगच परका होता. पुरुषांच्या भारतीय संघास ऑलिंपिकमध्ये खेळण्याचा योग आजवर एकदाच आला, तो १९८०च्या मॉस्को स्पर्धेत, अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे. आणि त्या स्पर्धेतले सारे सामने आपण हरलो. त्यानंतर जे उल्लेखनीय घडले ते बरेचसे स्त्रियांनी घडविले, असे मी निःसंकोच म्हणेन. केरळच्या गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेच्या सेवेत राहून ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्सकडून खेळल्या, आणि २०११ साली अमेरिकेच्या महिला लीगमधील तीन संघांपुढे चाचणी देणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. अनिता पॉलदुराई याही दक्षिण रेल्वेच्याच. मातृत्वानंतर मैदानावर परतून त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले, आणि २०२१मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. जुलै २०१७मध्ये बंगळुरूला झालेल्या आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असे हरविले आणि वरच्या गटात प्रवेश मिळविला. अनिता यांच्या नेतृत्वाखालील त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, जिने पुढे भारताचे कर्णधारपदही सांभाळले.

शिरीन लिमये यांचे नाव मी मुद्दाम घेतो. दौंडच्या वा शिरूरच्या एखाद्या मुलीला गीतू वा अनिता यांचे जग दूरचे वाटेल, त्यांची भाषाही परकी वाटेल. पण लिमये हे नाव आणि पुणे हे गाव परके नाही. दौंडहून लोहमार्गाने पुणे सुमारे ७५ किलोमीटर. शिरूरहून तितकेच, किंबहुना थोडे कमीच. पण तेथे रेल्वे नाही, एस.टी. आणि पुणे-नगर रस्त्याची कोंडी आहे. पहाटेच्या गाडीने हजारो नोकरदार दौंडहून पुण्याला जातात व रात्री परततात, तेव्हा अंतर हे कारण पुरेसे नाही. खरी अडचण पुढची आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. महानगरपालिकांची क्षेत्रे जिल्ह्यापासून निराळी धरली जात असल्याने ग्रामीण पुणे जिल्ह्याच्या संघाची गाठ विभागीय पातळीवर थेट पुणे शहराशी पडते. डेक्कन जिमखान्यासारख्या क्रीडासंस्थांच्या मैदानांवर लहानपणापासून तालीम घेतलेल्या मुली एका बाजूस, आणि दुसऱ्या बाजूस कबड्डीच्या संघातून उसन्या घेतलेल्या, धावण्यात कोणालाही हार न जाणाऱ्या, परंतु डाव्या हाताने चेंडू टप्पे देत नेण्याची सवय नसलेल्या मुली. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा असतो, आणि त्याचा निकाल बहुधा पहिल्या दहा मिनिटांतच लागतो. हरल्यावर राज्यस्पर्धेचे प्रमाणपत्र हुकते, ते हुकले की कामगिरीचे ५० गुण हुकतात, आणि जिला चाचणीत चमकण्याजोगी चपळाई देवाने भरभरून दिली होती तिचा अर्जसुद्धा रेल्वेच्या कचेरीपर्यंत पोहोचत नाही. या साखळीची पहिली कडी शाळेच्या मैदानात आहे. तेथील कड्याला जाळी नसते, फलक पावसाने फुगलेला असतो, आणि सिमेंटच्या जमिनीवर उड्या मारून कोवळ्या वयातच गुडघे दुखू लागतात.

अलीकडे दुसराही एक मार्ग खुणावू लागला आहे. २०१५ साली पंजाबातील बल्लोके या खेड्यातला, लुधियानाच्या अकादमीत तयार झालेला सात फूट दोन इंच उंचीचा सतनाम सिंग अमेरिकेच्या लीगच्या वार्षिक निवडीत ५२व्या क्रमांकावर डॅलसच्या संघाने घेतला, आणि भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू ठरला. त्याच लीगमधील सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची मालकी २०१३पासून मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आहे, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तो संघ वरळीच्या वातानुकूलित सभागृहात दोन सामने खेळूनही गेला. मालक रणदिवे असू शकतो, मग खेळाडू एखादा पवार, शितोळे किंवा थोरात का असू नये, हा विचार त्या दिवशी अनेकांच्या मनात आला असेल. पण सतनामला मुख्य लीगचा एकही सामना लाभला नाही; दुय्यम लीगमध्ये काही काळ काढून तो परतला, आणि पुढे अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. आपल्याकडे निघालेल्या यूबीए लीगमध्ये ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघ होता. दोन-तीन वर्षांत ती लीगच बंद पडली. तिच्यानंतर तीन-तीन खेळाडूंची आणि पाच-पाच खेळाडूंचीही लीग निघाली. हेतू चांगले, हंगाम मात्र तोकडे.

याच्या शेजारी कबड्डी ठेवून पाहावी. २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, ती टिकली, आणि २०२४ साली अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने ती जिंकली, तेव्हा घोडनदीच्या दोन्ही काठांवरील पोरांना लिलावाचा आकडा हा पगाराच्या आकड्याइतकाच खरा वाटू लागला. बास्केटबॉलला तो दिवस यावयाचा आहे. तोपर्यंत हजेरीपटावरील खेळाडू हाच येथला खरा व्यावसायिक खेळाडू होय, आणि त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते. ‘कोट्यातून लागला’ हे शब्द आपण ज्या स्वरात उच्चारतो तो स्वर अन्यायाचा आहे. ज्याने बारा-पंधरा वर्षे उन्हात घाम गाळला, पंचविशीच्या आत देशातल्या शेकडो जणांशी झुंजून आपली जागा मिळविली, तो कोणाच्या मेहेरबानीने लागलेला नसतो.

मात्र या व्यवस्थेचा दोषही सांगितला पाहिजे. नोकरी हेच साध्य ठरल्यामुळे ती मिळताच कित्येकांचा खेळ थांबतो. ज्या वयात परदेशातील खेळाडू आपल्या सामर्थ्याच्या शिखराकडे चाललेला असतो, त्या वयात आपल्याकडचा नोकरीत स्थिरावून बढतीची वाट पाहू लागतो. विभागाला सामने जिंकावयाचे असतात तोवर कामात सवलत आणि सरावासाठी रजा मिळते. दुखापत झाली, नवा गडी आला, की तीच माणसे फायलींच्या ढिगाऱ्यामागे जाऊन बसतात. तिशी-पस्तिशीत खेळ संपतो आणि सेवा आणखी पाव शतक उरते. या पाव शतकाचा उपयोग करून घेण्याची कोणतीही सक्तीची व्यवस्था आपण केलेली नाही. काही जण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जाऊन प्रशिक्षकाची पदविका घेतात व आपल्याच विभागाचा संघ घडवितात; बाकीच्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर निवृत्त होते.

शासनाने तालुका क्रीडा संकुलांची योजना आखली, जागा आणि निधी यांची तरतूद केली, इमारतीही उभ्या राहत आहेत. रेल्वे, पोलीस आणि राखीव दल यांत राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली जी माणसे आज टेबलामागे आहेत, त्यांना आठवड्यातून तीन संध्याकाळी, सरकारी कामकाज समजून, अशा संकुलांवर धाडण्याचा एक साधा आदेश काढावयास कोणत्याही खात्याची तिजोरी रिकामी होणार नाही. शिरूरहून रेल्वे नाही, पण न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता आहे, आणि दौंडहून एक माणूस त्या रस्त्याने संध्याकाळी पाचच्या आत शिरूरच्या मैदानावर पोहोचू शकतो.